पाठमोऱ्या शर्यतीचं गणित

ऑलिंपिकमधलं जलतरण टीव्हीवर पाहताना तलावाच्या दोन्ही टोकांना, पाण्याच्या वर, रंगीत तिकोनी पताकांची एक दोरी आडवी बांधलेली दिसते. बहुतेकांना ती सजावट वाटते. फ्रीस्टाइल पोहणारे तिच्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत, त्यामुळे तो समज आणखी पक्का होतो. पण बॅकस्ट्रोकची, म्हणजे उताणं पोहण्याची शर्यत लागली, की त्या दोरीवाचून कोणाचं पान हलत नाही. या शर्यतीत पोहणारा तोंड आभाळाकडे करून, सेकंदाला जवळपास दोन मीटर वेगानं, डोकं पुढे घालून एका टणक भिंतीकडे सुसाट जात असतो आणि ती भिंत त्याला दिसतच नाही. मान वळवून पाहिलं तर वेग मोडतो, अंदाज चुकला तर कपाळमोक्ष. तरीही जगातले चांगले बॅकस्ट्रोकपटू नेमक्या जागी वळतात, नेमक्या क्षणी हात टेकवतात. हे जमतं कसं?

चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या वाचकाला हा प्रश्न परका वाटायला नको. या दोन जिल्ह्यांत पाणी भरपूर आहे. वर्धा आणि वैनगंगा चपराळ्याजवळ एकत्र येऊन प्राणहिता होते, ती पुढे सिरोंच्याजवळ गोदावरीला मिळते. भामरागडला इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतम या तीन नद्या भेटतात. शिवाय मालगुजारांच्या काळातले मामा तलाव आणि गावोगावच्या बोड्या. डोहात मनसोक्त डुंबून झाल्यावर दम खायला उताणं पडून राहणारी पोरं इथे आजही दिसतात. त्या निवांत तरंगण्यापासून ऑलिंपिकच्या शर्यतीपर्यंत नेमकं काय काय बदलतं, ते पायरीपायरीनं पाहू.

पाय आधी का बुडतात?

विहिरीत पोहायला शिकणाऱ्या मुलाच्या पाठीला रिकामा डबा बांधतात. डब्यातली हवा त्याला वर धरून ठेवते. असाच एक डबा प्रत्येकाच्या शरीरात आहे, तो म्हणजे फुप्फुसं. खोल श्वास घेऊन थांबलं, तर बहुतेक माणसांचं शरीर पाण्यापेक्षा किंचित हलकं होतं आणि तरंगतं. श्वास पूर्ण सोडला की पुष्कळजण खाली जायला लागतात.

अडचण अशी, की हा डबा शरीराच्या मध्यावर बसवलेला नाही. तो छातीत आहे. शरीराचं वजन मात्र कंबरेच्या आसपास तोललं जातं, कारण मांड्या आणि पाय हाडामांसाचे, जड असतात. वर ढकलणारा जोर छातीपाशी आणि खाली ओढणारा जोर कंबरेपाशी, म्हणून पाय हळूहळू खाली जातात. नवशिका घाबरून पायांकडे बघायला डोकं उचलतो आणि गाडी आणखी बिघडते. पाण्याबाहेर आलेल्या डोक्याला पाण्याचा आधार उरत नाही, ते वजन उरलेल्या शरीरावर पडतं, कंबर खचते आणि माणूस खुर्चीत बसल्यासारखा होतो. या अवस्थेत कितीही हात मारले तरी पुढे सरकता येत नाही.

म्हणून कोणताही प्रशिक्षक बॅकस्ट्रोकचा पहिला धडा डोक्यापासून सुरू करतो. कान पाण्यात, हनुवटी ना छातीला टेकलेली ना आभाळाकडे उचललेली, नजर सरळ वर आणि पोट थोडं वर उचललेलं. छाती किंचित मागे दाबली की पाय आपोआप वर येतात. यात ताकद लागत नाही, भरवसा लागतो. पाणी आपल्याला धरतंय यावर शरीराचा विश्वास बसायला काही मुलांना एक सकाळ पुरते, काहींना पूर्ण उन्हाळा लागतो.

कुशीवर न वळता हात चालत नाहीत

शर्यतीतला बॅकस्ट्रोकपटू दुरून पाहिला तर पाठीवर सपाट पडून हात फिरवतोय असं वाटतं. प्रत्यक्षात तो सपाट असा जवळजवळ कधीच नसतो. खांद्याच्या सांध्याची ठेवणच अशी आहे, की सपाट पडल्यावर हात पाठीच्या खाली नेऊन जोर लावता येत नाही. घरच्या सतरंजीवर उताणं पडून पाहा, हात जमिनीला अडतो. पाण्यात जमीन नसली तरी खांदा तिथेच अडतो.

तेव्हा पोहणारा अंग आलटूनपालटून दोन्ही कुशींकडे कलतं करतो. उजवा हात डोक्यामागे पाण्यात शिरताना उजवा खांदा खाली जातो, डावा पाण्याबाहेर येतो. हात सरळ आत जातो, करंगळी आधी. मग कोपर वाकतं, तळवा आणि कोपरापुढचा भाग मिळून एक रुंद फळी तयार होते, ती पाण्याला पायांच्या दिशेनं लोटते आणि शरीर डोक्याच्या दिशेनं सरकतं. याच कलण्याचा आणखी एक फायदा होतो. बाहेर निघालेल्या खांद्याला पाणी अडवत नाही. वेग दुप्पट झाला तर पाण्याचा अडथळा सुमारे चौपट होतो, म्हणून वेगात पोहणाऱ्याला हा एवढासा वाचलेला अडथळाही मोलाचा असतो.

या सगळ्यात डोकं मात्र हलत नाही. काही प्रशिक्षक मुलांच्या कपाळावर अर्धा भरलेला प्लॅस्टिकचा पेला ठेवून त्यांना पोहायला लावतात. खांदे दोन्हीकडे कलतायत, हात गरगर फिरतायत आणि पेला जागच्या जागी. जमलं तर ते मूल बॅकस्ट्रोक शिकलं असं समजायला हरकत नाही.

पायांचं काम मुख्यतः तोल सांभाळण्याचं. हातांची एक पूर्ण फेरी होते तोवर पाय साधारण सहा वेळा चालतात. गुडघा पाण्याबाहेर दिसला तर पाय सायकल चालवल्यासारखा फिरतोय असं समजावं, त्यानं वेग मिळत नाही. आणि तोंड पाण्याबाहेर असलं तरी श्वासाला शिस्त लागतेच. दुसऱ्या हातानं उडालेलं पाणी नाकात शिरतं, म्हणून एका हाताच्या वेळी श्वास आत आणि दुसऱ्याच्या वेळी नाकावाटे बाहेर, अशी लय बसवावी लागते.

पताकांपासून भिंतीपर्यंत

आता त्या दोरीकडे येऊ. नियमानुसार ती भिंतीपासून बरोबर ५ मीटरवर आणि पाण्याच्या पृष्ठभागापासून १.८ मीटर उंचीवर असते. सगळ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत ती तिथेच असते, म्हणून पोहणाऱ्याला तिच्यावर गणित बसवता येतं. पताका डोळ्यांवरून सरकल्या की तो हात मोजायला लागतो. प्रत्येकाचा आकडा वेगळा असतो. उंच, लांब हातांच्या खेळाडूला तीन हात पुरतात, लहान मुलीला पाच-सहा लागतात. आकडा एकदा पक्का झाला, की सरावात तो हजारो वेळा गिरवला जातो. मूल वाढतं, उंच होतं, तसा आकडा बदलतो आणि पुन्हा पहिल्यापासून मोजणी सुरू होते. थकव्यानंही तो बदलतो. शंभर मीटरच्या शर्यतीत पहिल्या भिंतीला चार हात लागले असतील, तर शेवटच्या भिंतीला, दमलेल्या खांद्यांनी, साडेचार लागू शकतात. हा अर्धा हात कुठे बसवायचा, यावर पदकं हुकली आहेत.

वळण घेताना शेवटच्या हातासरशी पोहणारा पालथा होतो, एका सलग ओढीत कोलांटी घेतो, पायांनी भिंत ढकलतो आणि पाठीवरच बाहेर पडतो. पूर्वी वळण्याआधी भिंतीला हात लावावा लागे. १९९१पासून ती अट गेली आणि वळणं कितीतरी वेगवान झाली. पण पालथं झाल्यावर आळसावून नुसतं तरंगत भिंतीकडे जाता येत नाही. आकडा चुकून लवकर वळलेल्याला नियमबाह्य ठरण्याची भीती, उशिरा वळलेल्याच्या टाचा भिंतीवर आपटतात. शेवटचा स्पर्श मात्र पाठीवर असतानाच करावा लागतो, तिथे पालथं होऊन डोकावायची मुभा नाही.

न पाहता पोहण्याचं हे गणित किती खोल जाऊ शकतं, याचं उदाहरण विदर्भातच आहे. कांचनमाला पांडे ही मूळची अमरावतीची, नागपूरला रिझर्व्ह बँकेत नोकरी करणारी दृष्टिहीन जलतरणपटू. डिसेंबर २०१७ मध्ये मेक्सिको सिटीत झालेल्या जागतिक पॅरा जलतरण स्पर्धेत तिनं २०० मीटर वैयक्तिक मेडलीचं सुवर्णपदक जिंकलं. मेडलीत एकाच खेळाडूला बटरफ्लाय, बॅकस्ट्रोक, ब्रेस्टस्ट्रोक आणि फ्रीस्टाइल हे चारही प्रकार याच क्रमानं पोहावे लागतात. तिच्या गटात सगळ्यांना काळे केलेले गॉगल सक्तीचे असतात, म्हणजे अंधुक दिसणाऱ्यालाही फायदा मिळू नये. पताका तिच्या कामाच्या नाहीत. भिंत जवळ आली की काठावरचा मदतनीस लांब काठीच्या मऊ टोकानं तिला हलकी टपली मारतो, बाकी सगळं हातांच्या मोजणीवर आणि मार्गिका वेगळ्या करणाऱ्या दोरांना होणाऱ्या ओझरत्या स्पर्शावर. डोळस बॅकस्ट्रोकपटू पन्नास मीटरमधले शेवटचे पाच मीटर ज्या भरवशावर काढतो, त्या भरवशावर तिनं पूर्ण शर्यत काढली. विदर्भातल्या शाळांच्या पुस्तकात तिचा धडा असायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

सर्वांत वेगवान भाग पाण्याखाली

बॅकस्ट्रोकची शर्यत पाण्याबाहेरच्या ठोकळ्यावरून सुरू होत नाही. खेळाडू पाण्यात उतरतात, भिंतीकडे तोंड करून पकडदांडा धरतात, पाय भिंतीला टेकवतात आणि इशारा होताच मागे कमान करून झेपावतात. त्यानंतर बराच वेळ ते दिसतच नाहीत. दोन्ही हात डोक्यामागे जुळवून, पाय जोडून, कंबरेपासून लाटेसारखी हालचाल करत ते पाण्याखालून सरकत असतात.

हे चाळे वेळ वाया घालवण्यासाठी नसतात. पृष्ठभागावर पोहणारा माणूस सतत लाटा उठवतो आणि त्या लाटा उठवण्यात त्याचीच शक्ती खर्च होते. अर्धा-पाऊण मीटर खाली गेलं की ही गळती पुष्कळ कमी होते. शिवाय भिंतीला लाथ मारल्यावर मिळालेला वेग हा शर्यतीतला सर्वांत जास्त वेग असतो, तो जितका जपता येईल तितका बरा.

या गोष्टीचा पुरेपूर फायदा घेतला अमेरिकेच्या डेव्हिड बर्कॉफनं. १९८८च्या सोल ऑलिंपिकमध्ये तो सुरुवातीला जवळजवळ ३५ मीटर पाण्याखालूनच जात असे. शंभर मीटर बॅकस्ट्रोकच्या प्राथमिक फेरीत त्यानं ५४.५१ सेकंदांचा विश्वविक्रम केला. अंतिम फेरीत मात्र जपानच्या दाइची सुझुकीनंही लांब पल्ला पाण्याखालून कापला आणि ५५.०५ सेकंदांत सुवर्ण नेलं, बर्कॉफ ५५.१८ सेकंदांसह दुसरा आला. प्रेक्षकांना पोहणारे दिसेनासे झाले तर शर्यत कसली, या विचारानं जागतिक संघटनेनं मर्यादा घातली. १९९१पासून ती १५ मीटर आहे. तरीही प्रत्येक पन्नास मीटरला १५, म्हणजे शंभरातले ३० मीटर पाण्याखालचे असू शकतात. आपल्याकडचे बरेचसे खेळाडू मागे पडतात ते याच तीस मीटरांत, असं माझं मत आहे. हात मारायला कुठल्याही पाण्यात शिकता येतं, भिंत ढकलून पाण्याखालून सरकायला मात्र पुरेसा खोल आणि उभ्या भिंतींचा तलाव रोज लागतो.

चौकट : नियम थोडक्यात
• तलाव ५० मीटर लांब. स्पर्धेतलं पाणी २५ ते २८ अंश सेल्सिअस.
• सुरुवात पाण्यातून, भिंतीकडे तोंड करून.
• प्रत्येक भिंतीनंतर १५ मीटरच्या आत डोकं पाण्याबाहेर हवं.
• वळणाचा क्षण सोडला तर सतत पाठीवर; शेवटचा स्पर्शही पाठीवरच.
• २०२४पर्यंतच्या ऑलिंपिकमध्ये १०० आणि २०० मीटर, शिवाय मेडली रिलेतला पहिला टप्पा बॅकस्ट्रोकचा.

चार मीटरचं अंतर

बेंगळुरूचा श्रीहरी नटराज हा आजच्या भारतातला ठळक बॅकस्ट्रोकपटू. त्याची कारकीर्द शतांशाशतांशानं मोजावी लागते, कारण एका सेकंदाचे शंभर भाग करून त्यातल्या काही भागांवर तिचा निकाल लागला. टोकियो ऑलिंपिकसाठी थेट पात्रतेची वेळ होती ५३.८५ सेकंद. जून २०२१ मध्ये रोममध्ये त्यानं १०० मीटर ५३.७७ सेकंदांत कापले. आठ शतांश सेकंदांनी काम झालं. त्याच ठिकाणी साजन प्रकाशनं बटरफ्लायमध्ये थेट पात्रता गाठली होती. त्याआधी एकाही भारतीय जलतरणपटूला ती वेळ गाठता आली नव्हती. जे गेले ते शिथिल वेळेवर किंवा देशाच्या राखीव जागेवर गेले.

टोकियोत श्रीहरीला ५४.३१ सेकंद लागले, तो २७वा आला. सुवर्ण जिंकणाऱ्या रशियाच्या येवगेनी रिलोव्हला अंतिम फेरीत ५१.९८ सेकंद लागले. फरक २.३३ सेकंदांचा. श्रीहरीच्या वेगानं एवढ्या वेळात साधारण चार मीटर होतात. दोघं शेजारीशेजारी पोहत असते, तर रिलोव्हचा हात भिंतीला लागला त्या क्षणी श्रीहरी नुकताच पताकांखालून पुढे आला असता. ऑलिंपिक विजेता आणि भारतातला अव्वल यांच्यातलं अंतर पताकांच्या दोरीएवढं आहे, ही गोष्ट मला निराश करणारी वाटत नाही. त्याच स्पर्धेत अहमदाबादची माना पटेल महिलांच्या १०० मीटर बॅकस्ट्रोकमध्ये राखीव जागेवर उतरली. २०२४ मध्ये श्रीहरी पुन्हा ऑलिंपिकला, पॅरिसला गेला. तिथे त्याला ५५.०१ सेकंद लागले.

एकच माणूस एका महिन्यात वेगवान आणि दुसऱ्या महिन्यात संथ का होतो, हे समजून घेण्यासारखं आहे. मोठ्या स्पर्धेच्या दोन-तीन आठवडे आधी सराव मुद्दाम कमी करत आणतात. महिनोन्महिने दिवसातून दोनदा पोहून थकलेले स्नायू तेव्हा भरून येतात आणि खेळाडू वर्षातली सर्वोत्तम वेळ देतो. पण हा बहर वारंवार आणता येत नाही. ज्याची पात्रता आधीच पक्की असते, तो आपला बहर ऑलिंपिकसाठी राखून ठेवतो. ज्याला पात्रतेसाठीच सगळं पणाला लावावं लागतं, त्याला तो पुन्हा जमवणं जड जातं.

महाराष्ट्राला शतांशांचा हा हिशेब वीरधवल खाडेमुळे ठाऊक आहे. कोल्हापूरचा हा मुलगा २००८च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये सोळाव्या वर्षी फ्रीस्टाइल पोहला, २०१० मध्ये ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत त्यानं ५० मीटर बटरफ्लायचं कांस्य मिळवलं आणि २०१८च्या आशियाई स्पर्धेत ५० मीटर फ्रीस्टाइलचं कांस्य एका शतांश सेकंदानं हुकलं. मधल्या काळात तो तहसीलदार झाला होता. तयारीसाठी त्याला कोल्हापूर सोडून बेंगळुरू गाठावं लागलं, ही बाब आपल्या राज्यानं मनावर घ्यायला हवी.

लहान, साधनं कमी असलेल्या देशातूनही बॅकस्ट्रोकचा रस्ता जातो, हे झिंबाब्वेच्या कर्स्टी कोव्हेंट्रीनं दाखवलं. हरारेत जन्मलेली ही मुलगी अमेरिकेत ऑबर्न विद्यापीठात शिकत तयार झाली. अथेन्सला २००४ मध्ये आणि बीजिंगला २००८ मध्ये तिनं २०० मीटर बॅकस्ट्रोकचं सुवर्ण जिंकलं. झिंबाब्वेच्या नावावर आजवर आठ ऑलिंपिक पदकं आहेत, त्यातली सात तिची आहेत. मार्च २०२५ मध्ये ती आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अध्यक्षपदी निवडून आली, त्या पदावरची पहिली महिला आणि पहिली आफ्रिकी व्यक्ती.

बोडीतून तलावात

मे २०१८ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांचे पाच विद्यार्थी ‘मिशन शौर्य’ या मोहिमेतून एव्हरेस्टवर पोचले. जंगलात वाढलेल्या मुलांच्या फुप्फुसांत आणि पायांत काय आहे, याची शंका तेव्हाच फिटली. पाण्याच्या बाबतीत मात्र अडचण वेगळी आहे. डोंगर चढायला डोंगर लागतो. ऑलिंपिकचं पोहणं शिकायला नुसतं पाणी पुरत नाही, मोजलेलं पाणी लागतं. नदीला प्रवाह असतो, बोडीला भिंत नसते, पावसाळ्यात दोन्हींत गाळ. हातांचा आकडा बसवायचा तरी कशावर? भामरागडच्या मुलीला जिल्ह्याचं ठिकाण पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास आहे. रोज पहाटे पाच वाजता पाण्यात उतरायचं, तर तिला तलावाशेजारच्या वसतिगृहातच राहावं लागेल. तलाव, वसतिगृह, शाळा आणि प्रशिक्षक हे चौघं एका आवारात नसतील तर नुसत्या तलावाचं उद्घाटन करून काही साधणार नाही. आणि तलाव असेल तिथे पताकांची दोरी तरी बांधा. चार रंगांच्या कापडाचा आणि सुतळीचा खर्च तो काय. ती नसली की मुलं दर चार हातांनी मागे वळून बघायला शिकतात आणि ती खोड पुढे वर्षानुवर्षं जात नाही.

पदकाची गोष्ट दहा-पंधरा वर्षांची आहे. त्याआधी बॅकस्ट्रोकच्या पहिल्या धड्याचा एक उपयोग आहे, तो या दोन जिल्ह्यांना आजच हवा आहे. १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये १०० मीटर बॅकस्ट्रोक जिंकणारा अमेरिकेचा अ‍ॅडॉल्फ कीफर दुसऱ्या महायुद्धात नौदलात गेला आणि खलाशांना पाण्यात तग धरायला शिकवण्याचं काम त्यानं केलं. आपल्याकडे जानेवारी २०२४ मध्ये चामोर्शी तालुक्यात गणपूरजवळ, मिरची तोडायला निघालेल्या मजूर बायकांची नाव वैनगंगेत उलटली आणि त्यात जीव गेले. पाण्यात घाबरलेला माणूस हात वर करून, डोकं उंचावून धडपडतो आणि त्यामुळेच खाली जातो. उताणं होऊन, कान पाण्यात घालून, छातीत हवा धरून पडून राहिलं, तर मदत येईपर्यंतची मिनिटं हाती लागतात. पूर आलेल्या नदीत मात्र हे तंत्रही पुरं पडत नाही, तिथे पाण्यात उतरूच नये.

ग्रामपंचायतींना आणि शाळांना म्हणून एवढीच विनंती आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत, गावातल्या पोहणाऱ्या जाणत्या माणसांच्या देखरेखीखाली, छातीपेक्षा कमी खोल पाण्यात पाचवीपासूनच्या प्रत्येक मुलामुलीला दोन मिनिटं उताणं तरंगायला शिकवा. आयांनाही शिकवा. घाटावर आणि प्रत्येक नावेत एक लांब दोरी आणि झाकण घट्ट लावलेले रिकामे डबे ठेवा. कोणी बुडताना दिसलं तर त्याच्यामागे उडी न टाकता आधी डबा फेका, मग दोरी.